नसांना ऐकू जावं म्हणून

रामनगरात दर आठवड्याला बेळगावहून एक डॉक्टर यायचे आणि भाड्याच्या खोलीत अल्ट्रासाऊंडचं मशीन मांडायचे. खांदा धरला म्हणून मी तिथे जायचो. माझ्या आधी एका माणसाचा नंबर असायचा. झाडावरून पडून त्याचा मणका मोडला होता, पाय गेले होते.

मशीनच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने तुटलेल्या नसा पुन्हा वाढतात, असं डॉक्टर सांगायचे. त्यामुळे मशीन लागलं की बाहेर नंबर लावून बसलेली अख्खी ओसरी गप्प व्हायची. नसांना नीट ऐकू जावं म्हणून पेशंट घेऊन येणारा जीपवाला इंजीनसुद्धा बंद करायचा. उळवीच्या देवळातही आम्ही कधी इतके गप्प बसलो नाही.

पाठीवर मशीन फिरवून झालं की तो माणूस दोन बोटांनी मांडीवर टकटक करायचा, आत कुणी आहे का बघावं तशी. उंबऱ्यावर बसलेली त्याची बायको विचारायची, "कायतर कळालं?"

"वाईच," तो म्हणायचा.

एकदा मधेच करंट गेला. सुप्याच्या धरणात त्याचं गाव बुडालं होतं, आणि त्या धरणाची वीज त्याच्या पाठीपर्यंत पोचत नव्हती. मशीनचा दिवा विझला, तरी डॉक्टरांचा हात पाठीवर गोल फिरतच राहिला. मी आत शेजारीच बसलो होतो; बोलायला तोंड उघडलं.

"करंट गेल्यालं मला बी दिसतंय," तो पालथा पडूनच पुटपुटला. "गप बसा. ती बघायलीय."

मग त्याने मांडीवर टकटक केली. बायकोने विचारलं.

"आज जरा जास्त," तो म्हणाला.