दंडावरची पाच बोटं

भोकरदनला बसस्टँडच्या मागं एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जिन्यापाशी पाटी आहे: डॉ. बेबीनंदा हिवाळे, त्वचारोगतज्ज्ञ, लहान मुले व किशोरवयीन. ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले होते. बेबी नावाच्या डॉक्टरकडं लहान पोरंच जाणार, असं काहीतरी बोलूनही गेले. जिभेला हाड नसतं, त्यातून मी बावीस वर्षं केदारखेड्यात शिकवणारी मास्तरीण.

डॉक्टर याच भागातल्या. आई-वडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे. मोठी पदवी मिळाल्यावर पाहुण्यांनी नाव बदलायचा सल्ला दिला. ‘बापानं ठेवलेलं नाव हाय. त्यानं कोणाला खाज सुटती का?’ असं त्यांनी विचारलं आणि विषय संपवला.

त्यांच्याकडं ट्यूबलाइट आहे, पण तपासताना त्या लावत नाहीत. खिडकीपाशी एक स्टूल आहे, पोरानं तिथं बसायचं. डॉक्टर हात धुतात, थंडीचे दिवस असले तर तळवे एकमेकांवर चोळून गरम करतात आणि मग बघत राहतात. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. आया-आज्यांना हे फार जड जातं. बघून झालं की म्हणतात, “आता घरातल्या समद्या ट्यूबा टेबलावर ठेवा.” मग पिशव्यांतून एकेक निघते. मेडिकलवाल्यानं दिलेली, शेजारणीनं दिलेली, गोरं करणारी. नायट्यावर चुकीची ट्यूब लावली की खाज चार दिवस दबते आणि नायटा आतल्या आत पसरतो, हे त्या न चिडता प्रत्येकाला सांगतात. मी असते तर तिसऱ्या माणसावरच खेकसले असते. खरजेचं पोरगं एकटं आणलं तर मात्र त्या घरातल्या सगळ्यांना बोलावतात. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, नाहीतर खरूज घरातल्या घरात फिरत राहते.

हे सगळं मला मागाहून कळलं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले ती एक कागद लिहून घ्यायला.

राजनंदिनी तेव्हा सहावीत होती, माझ्याच वर्गात. आई वारून दोन वर्षं झालेली. बाप भुजंग मोसंबीचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यानं वर्षभरापूर्वी दुसरं लग्न केलं. नवी बायको दीपमाला, पंचविशीची. राजनंदिनी तिला मावशी म्हणायची, तेही अडलं तरच. तिच्या हातून वेणीसुद्धा घालून घ्यायची नाही.

एप्रिलातली सकाळची शाळा होती. फळ्यावर लिहिताना पोरीची बाही वर सरकली आणि मला दंडावर चार बोटं आणि एक अंगठा दिसला. काळपट तपकिरी. कडा इतक्या स्पष्ट की बोटांची पेरं मोजावीत. कॉलर बाजूला केली तर मानेखाली दुसरा पंजा. कोपरापासून मनगटाकडं ओघळासारख्या दोन रेघा.

“कोणी केलं गं?”

“कोणीच न्हाई, मॅडम.”

“मावशीनं?”

“न्हाई.” एवढं बोलून तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माझं डोकं फिरलं. सावत्र आई, गप्प पोरगी आणि अंगावर भाजल्यासारखा पंजा. मला आणखी काय पाहिजे होतं? हात तव्यावर तापवून कोणी कोणाला मारत नाही, हे माझ्या रागाला सुचलंच नाही. मी हसनाबादला तिच्या आईच्या आईला, द्वारकाबाईंना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी घेऊनच उतरल्या, नातीचे कपडे भरून न्यायला. दारात गाव गोळा झालं. द्वारकाबाई म्हणाल्या, “माझी लेक गेल्ती तवाच मी बोलले व्हते, ह्या घरात पोरगी ठिऊ नका.” मीही दीपमालाला चारचौघांत नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, “मी मारलं न्हाई.” का, कसं, काही नाही.

मग ठरलं. डॉक्टरनं ‘चटके दिल्याचे डाग’ असं लिहून द्यायचं, मी बालकल्याण समितीकडं अर्ज करायचा, आणि पोरगी भोकरदनहूनच आजीसोबत हसनाबादला जाणार. अर्ज लिहून माझ्या पर्समध्ये तयार होता. आम्ही काळीपिवळीत बसलो तेव्हा दीपमाला न बोलावता मागच्या सीटवर येऊन बसली. तिला उतरवायला मी तोंड उघडलं होतं, पण जीप सुटली.

डॉक्टरांनी राजनंदिनीला खिडकीपाशी बसवलं. द्वारकाबाई सुरू होणार, तोच डॉक्टरांनी एक बोट वर केलं. दंडावरून बोट फिरवलं, दंड उजेडात फिरवला, मानेखालचा पंजा पाहिला, ओघळ पाहिले. “आधी लाल झाल्तं? आग व्हायची? बारीक फोडबी आल्ते?” पोरीनं तिन्हीला मान डोलावली.

मग त्या वळल्या. “ताई, तुमचे हात बघू.”

दीपमालानं हात पुढं केले. मी मनात म्हटलं, सापडली. डॉक्टरांनी तिचे हात पालथे केले. बोटांच्या पाठीवर, अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटावर तसेच तपकिरी डाग होते. वर्षभर ही बाई गावात माझ्यासमोर वावरत होती, आणि तिचे हात मी एकदाही पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी आम्हा तिघींना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटं आम्ही जिन्यावर एकमेकींकडं न बघता बसलो. दार उघडलं तेव्हा राजनंदिनीचे डोळे पुसलेले होते.

“चटका न्हाई आन् मारबी न्हाई,” डॉक्टर म्हणाल्या. “लिंबाचा रस आन् ऊन. ताई लोणच्याची लिंबं कापत व्हत्या, तोच रस. रस कातडीवर असताना कडक ऊन लागलं, की जिथं जिथं रस तिथंच भाजतं. लाल होतं, आग होते आन् आठ दिवसांनी असं काळं पडतं.”

“पंजा तर हिचाच दिसतोय की,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“हिचाच हाय. पण आज्जी, इकडं या.” त्यांनी म्हातारीला खिडकीपाशी नेलं. “चापट बसली तर बोटांच्या कडंला रक्त साकळतं, बोटांची जागा मोकळी राहती. इथं बोटं आख्खी भरलेली हायती. आन् हा अंगठा बघा, पुरा टेकलेला. कोणी असं धरून थांबल्याबिगर असा अंगठा उमटत न्हाई.”

खरं सांगते, तो दंड मीही पाहिला होता, चष्मा लावून पाहिला होता. मला त्यात जे दिसायला हवं होतं तेवढंच दिसलं. या बाईनं त्याच पाच बोटांतून हात जोरानं लागलेला नाही आणि किती वेळ टेकला होता, हे वाचलं. पोरांना वाचायला शिकवण्याचा पगार मी घेते, पण असं वाचणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

द्वारकाबाईंचं समाधान झालं नव्हतं. “लोणच्याची लिंबं कापून राह्यल्ती म्हणावं, बराबर हाय. पण पोरीला धरलं कशाला व्हतं?”

दीपमाला खाली बघत राहिली. डॉक्टरांनी फक्त राजनंदिनीकडं पाहिलं. आत त्यांनी तिला विचारून ठेवलं होतं, काय मी सांगू, काय तू सांगशील आणि काय कोणीच सांगायचं नाही. पोरगी स्वतःच बोलली.

“आज्जी, मला पाळी आल्ती. पहिल्यांदाच. आई गेली तवा लई रक्त गेल्तं ना, मला वाटलं मीबी मरते. मी रडत मावशीकडं पळाले. तिनं मला धरलं.”

बाकीचंही तिनंच सांगितलं. मला आता सगळा उलगडा झाला, आणि लाजेनं मेल्यासारखं झालं. त्या दिवशी दीपमालाच्या अंगणात बचत गटाचं लिंबाचं लोणचं चाललं होतं. बारा बायकांचं काम, साठ बरण्यांची ऑर्डर. आमच्याकडं पाळीतल्या बाईनं लोणच्याला शिवायचं नसतं, लोणचं घालणारीनं तिला शिवायचं नसतं. शिवलं तर ते नासलं म्हणून टाकून देतात, मग त्याला काही झालेलं असो वा नसो. बाकीच्या मागं मीठ-मसाल्यात गुंतल्या होत्या. दीपमालानं हातसुद्धा न पुसता पोरीला उराशी धरलं. मग तिला आत नेऊन सगळं समजावून सांगितलं, पॅड दिलं, आणि कोणाला संशय नको म्हणून तशाच बिनबाह्यांच्या फ्रॉकवर गच्चीवर कुरडया राखायला बसवलं. भर बारा वाजता. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ दोघींनी एकमेकींना घातली होती. मी गावासमोर तिला हैवान म्हणत होते तेव्हा एका वाक्यात ती सुटली असती. पण पोरीची गोष्ट चव्हाट्यावर येईल आणि बारा जणींचं लोणचं जाईल, म्हणून ती गप्प राहिली.

द्वारकाबाईंनी बराच वेळ दीपमालाच्या हातावरचे डाग पाहिले. मग विचारलं, “नासलं का मंग लोणचं?”

“न्हाई, आज्जी.”

“मंग चला घरी. मी चार दिवस राह्यते तुमच्याकडं.”

मी दीपमालाची माफी मागितली. ती म्हणाली, “तुमी पोरीसाठीच भांडत व्हत्या, मॅडम.” याहून तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या लोणच्याची एक बरणी मी विकत घेतली. शेवटची फोड खाईपर्यंत त्याला काही झालं नाही. राजनंदिनी आता दहावीत आहे, हे सगळं तिला आणि दीपमालाला विचारूनच लिहिलं आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरांना औषध विचारलं. त्या म्हणाल्या, काही लावायचं नाही, दोन-तीन महिने उन्हात बाही खाली ठेवायची, डाग आपोआप जातील. राजनंदिनी दारात थांबली.

“समदे जातील?”

“समदे. पुसटबी राहणार न्हाई.”

तिनं दंडावर हात ठेवला. म्हणाली, “थोडे राह्यले तरी चालंल.”