दादाची शिट्टी

आमचा दादा रेल्वेत शिट्टी वाजवायचा. हसू नका, पगार त्याचाच मिळत होता. रुळांवर माणसं वाकून काम करत असतात, तेव्हा हा जरा लांब, दोन्हीकडचं दिसेल असा उभा राहायचा. गाडी दिसली की शिट्टी, आणि शिट्टी ऐकली की माणसांनी अवजारं उचलून बाजूला व्हायचं. एवढंच काम. पण त्या माणसांत माझा नवरा होता, म्हणून मला ते कधी एवढंसं वाटलं नाही.

दादा भारी मानी. पांढऱ्या टाकीपाशी इंजिन आलं की शिट्टी, त्याआधी नाही. आधी वाजवली तर माणसं उगाच ताटकळतात आणि मुकादम करवादतो. "माझ्या शिट्टीवर लोकांनी घड्याळं लावावीत," असं तो आमच्याकडे जेवायला आला की सांगायचा आणि नवरा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायचा. कामावर मात्र हाच नवरा कधी मान वर करून बघायचा नाही. दादा उभा आहे ना, मग झालं तर!

मग आमच्या मार्गावरून वेगवान गाड्या न्यायचं ठरलं. मार्ग जुनाच. स्लीपर बदलले, खडी नवी घातली, वळण सैल केलं, कडेने कुंपण आलं. शिट्टीवाल्यांना बोलावून बजावलं, आता टाकी विसरा, तिच्याही पलीकडच्या पुलावर इंजिन दिसलं की वाजवा. दादाने आमच्या घरी येऊन ते मलाही समजावून सांगितलं. सगळं तोंडपाठ होतं त्याला.

पहिली वेगवान गाडी गेली तेव्हा मी खिडकीशी शाळेचे गणवेश शिवत होते. मांडणीवरचा पेला खाली आला आणि मला चक्क मजा वाटली. संध्याकाळी नवरा आला तो दोन्ही कोपरं सोलवटून.

"पडलो," म्हणाला. कुठे विचारलं तर अंगावर आला. मी पिच्छा सोडला नाही तेव्हा बोलला. गाडी पुलावर आलेली दादाला दिसली होती, तरी तो नुसता बघत राहिला. टाकी येईपर्यंत त्याचा हात शिट्टीकडे गेलाच नाही. नवरा रुळाखालचा जॅक काढत होता, तो कसाबसा जॅकसकट कडेला कोसळला.

"मुकादमाला सांगितलंत?"

"आणि दादांची नोकरी घालवू?"

"तुमचा जीव गेला असता!"

"गेला नाही ना? वाढ जेवायला."

वाढलं. पण त्यानंतर माझी एकही शिवण सरळ येईना. गाडीचा आवाज आला की पाय मशीनवरच थांबायचा. उसवायचं, परत शिवायचं. भावाचं नाव सांगावं तर त्याच्या पोटावर पाय, न सांगावं तर माझा जीव टांगणीला. शेवटी डबा पोचवायचं निमित्त काढून मी कुंपणापाशी गेले.

दादा शिट्टी वाजवत होता. माणसं उठली, तर शेजारच्या रुळावरून मालगाडी रमतगमत गेली. पुन्हा वाजवली, तर काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा कुणी उठलंच नाही. माझ्या नवऱ्याने डोकंसुद्धा वर केलं नाही.

संध्याकाळी मी तडक दादाच्या घरी गेले. तो जेवायला बसला होता.

"दादा, तू उशिरा वाजवलीस तेव्हा मी घाबरले. आज तू वाजवून कुणी हललं नाही, तेव्हा जास्त घाबरले."

"अहो वन्सं, घास तरी गिळू द्या त्यांना," वहिनी म्हणाली.

दादाने ताट सरकवलं. "मला पूल दिसतो गं. पण मन म्हणतं, अजून लांब आहे, थांब. मग मनाचं ऐकायचंच नाही असं ठरवलं. काही हललं की वाजवतो. होईल सवय."

"होईपर्यंत माझ्या नवऱ्याने काय करायचं?"

लहानपणी मला सायकलच्या मागे बसवून न्यायचा तो हा दादा, आणि मी त्याला असं विचारत होते. मला रडू आलं. तोही रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून शिट्टी मुकादमाच्या हातात दिली. "माझ्या जागी दाजींना उभं करा," म्हणाला. "त्यांना जुनी सवयच नाही." नवऱ्याला रीतसर शिकवलं, तपासलं आणि उभं केलं. दादाने त्याच्या जागी खाली वाकून जॅक हातात घेतला.

नवरा पहिल्या दिवशी शिट्टी वाजवून घरी आला तो ऐटीत. मी पाणीसुद्धा दिलं नाही. "दादा कसा आहे?" विचारलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र तो भडकला.

"रोज रोज काय तेच? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना," मी म्हणाले. "दादावरही होता."