लुरीनबाईंनी गिळलेलं वाक्य

लुरीन स्टिडम यांच्याकडे सांगायला एकच गोष्ट होती, पण ती त्या अशी सांगायच्या की ऐकणाऱ्याला हसता हसता ठसका लागावा. केस सेट करायला गेल्या की तिथे, चर्चच्या तळघरातल्या जेवणात, डायलिसिसला आलेल्यांचा वेळ जावा म्हणून तिथे, आणि एखाद्याचा फोन चुकून लागला तर त्यालाही. अकरा महिन्यांत बक फोर्कच्या अख्ख्या खोऱ्यात ती न ऐकलेला माणूस उरला नव्हता. ठार बहिऱ्या कार्ल नीसला तर त्यांनी ती हातवारे करून सांगितली होती.

गोष्ट एवढीच, की औषधाच्या दुकानावर भरदिवसा दरोडा पडला आणि लुरीनबाईंनी दरोडेखोराला त्याची जन्मतारीख विचारली. आणि त्या गाढवाने ती सांगितली.

ह्या गोष्टीच्या शेवटी दुकानाचे मालक डॉक डेल्मस व्हिटेकर गोळी लागून मरतात, तरीही लोक हसायचे. सगळ्यांत जास्त हसायची ती डॉकची विधवा, ऑर्फा. दर रविवारी चर्च सुटलं की ती घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन लुरीनबाईंकडे यायची, बूट काढून पाय वर घ्यायची आणि म्हणायची, "चल, सांग." लुरीनबाई सांगायच्या. ऑर्फा डोळे पुसत हसायची. नवरा गेल्यापासून आठवड्यात ती हसायची ते तेवढंच.

पण त्या गोष्टीत एक वाक्य कमी होतं. ते लुरीनबाई दर वेळी गिळायच्या. शेरीफने विचारलं तेव्हा गिळलं, पाद्रीबाबांसमोर गिळलं, ऑर्फासमोर तर सत्तेचाळीस रविवार गिळलं. आता सोमवारी कोर्टात बायबलवर हात ठेवून सगळं सांगायचं होतं आणि पहिल्याच बाकावर ऑर्फा बसणार होती. वाक्य बोलावं तर ही एकुलती एक मैत्रीण जाणार. गिळावं तर देवाच्या नावाने खोटं बोलल्यासारखं होणार. लुरीनबाईंची झोप उडाली होती ती ह्यामुळे.

तसं पाहिलं तर बोलणं गिळणं हे लुरीनबाईंच्या स्वभावातच नव्हतं. एकतीस वर्षं त्या डॉकच्या दुकानात औषधं देण्याच्या खिडकीवर होत्या आणि एकतीस वर्षं डॉक त्यांना गप्प बसवत होते. डॉक मागे उंच स्टुलावर बसून पाच-पाच गोळ्या सरकवत मोजायचे आणि त्यांचं मोजणं कायम चुकायचं.

"लुरीन, मी पस्तीसवर होतो!"

"मग मी काय केलं?"

"त्या बाईच्या सुनेचं बाळंतपण तू जाहीर केलंस."

"अहो डॉक, जुळं झालंय! जुळं झाल्यावर माणसानं बोलायचं नाही का?"

"पाच, दहा..." करत डॉक पुन्हा पहिल्यापासून. दोघांचं पटलेलं कुणी पाहिलं नाही. ह्यांना पंखा हवा तर त्यांना खिडकी बंद हवी. ह्यांना रेडिओवर चर्चची गॉस्पेल गाणी हवी तर त्यांना हवामान. एकतीस वर्षांत डॉकने त्यांची एकदाच स्तुती केली, तीही "आज तुझा घसा बसलाय, किती छान," अशी.

जन्मतारखेचा नियमही डॉकचाच. आमच्या खोऱ्यात चार आडनावांत सगळं गाव मावतं आणि विल्यम सायझमोर नावाचे तर सहा जण हयात आहेत. लुरीनबाईंनी एकदा थोरल्या विल्यमची लघवीची गोळी धाकट्या विल्यमला दिली. तो रविवारच्या प्रार्थनेत समोर उभा राहून गाणार होता. तीन कडव्यांत चार वेळा बाहेर पळाला. पुढच्या सोमवारी डॉकने फर्मान काढलं, की प्रत्यक्ष येशू जरी खिडकीवर आला तरी जन्मतारीख विचारल्याशिवाय हातात पुडी ठेवायची नाही.

लुरीनबाईंनी हा नियम असा पाळला, की स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही विचारायच्या. हळूहळू सगळ्या खोऱ्याच्या तारखा त्यांना तोंडपाठ झाल्या. साठीच्या म्हणवणाऱ्या बायका सत्तरीच्या आहेत हे फक्त त्यांना ठाऊक होतं. त्या बायका खिडकीत वाकून साल कुजबुजायच्या आणि लुरीनबाई मोठ्यांदा म्हणायच्या, "कितीऽऽ?"

मग खाणीत पाठ मोडलेली पोरं येऊ लागली. हमरस्त्यावर एक नवा दवाखाना उघडला होता. तिथला डॉक्टर नाडीला हात न लावता दुखण्याच्या गोळ्या लिहून द्यायचा, नव्वद, एकशेवीस, दर महिन्याला. डॉक कागद उजेडात धरायचे, उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "कागद बरोबर आहे, मी काय करू?" लुरीनबाई पुडी बांधायच्या. जॅरड सायझमोर एकोणिसाव्या वर्षी छत कोसळून जखमी झाला तेव्हा त्याची पहिली बाटली त्यांनीच हातात दिली होती. वर "वेळच्या वेळी घे हं, बाळा, दुखणं अंगावर काढू नकोस," असंही बजावलं होतं. पोरगं शहाण्यासारखं ऐकत गेलं. पुढे सहा-सात वर्षांत ते सुकून काठी झालं, महिन्याची बाटली दहा दिवसांत संपवून खिडकीवर ताटकळू लागलं आणि एक दिवस राज्य सरकारने तो दवाखानाच बंद केला. त्यानंतर जॅरड दिसेनासा झाला. लुरीनबाईंना वाटलं, बरा झाला असेल. असं वाटून घेतल्याबद्दल त्या स्वतःला आजही बोल लावतात आणि मला वाटतं, तो त्यांनी लावावाच.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला एक माणूस दुकानात आला. भर उन्हाळ्यात त्याने लोकरीची टोपी हनुवटीपर्यंत ओढली होती आणि तिला डोळ्यांपुरती भोकं पाडली होती, तीही एक वर एक खाली. लुरीनबाईंना वाटलं, दाढ सुजली असेल. त्याने खिडकीतून एक कागद आत सरकवला. अक्षर इतकं भयंकर होतं की त्यांनी तो डॉक्टरचाच धरला आणि मान वळवून ओरडल्या, "डॉक, घाईतलं गिऱ्हाईक आहे!"

"कोणाचं औषध?" आतून डॉक.

लुरीनबाईंनी कागद परत पाहिला. "ह्यावर नाव नाहीये." मग सवयीने खिडकीकडे वळून, गोड आवाजात, "जन्मतारीख सांग रे बाळा."

"चौदा मार्च पंच्याऐंशी," टोपी म्हणाली.

त्यानंतर त्याने पिस्तूल वर काढलं. उशिरा सुचल्यासारखं.

इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना पाठ होती. इथून पुढे लुरीनबाई नेहमी एक उडी मारायच्या आणि थेट "मग ते पिस्तूल उडालं आणि डॉक पडले" ह्यावर उतरायच्या. शेरीफलाही तसंच सांगितलं, त्याच्यापुढे तारीख ठेवली आणि शेरीफ तासाभरात जॅरडच्या आईच्या ओसरीवर जाऊन पोचला. पोरगं झोपाळ्यावर बाटल्या कवटाळून झोपलं होतं.

त्या उडीच्या खाली झालं होतं ते असं. चौदा मार्चचे खोऱ्यात दोघंच. त्यातली वांडा नीस एक्क्याऐंशी वर्षांची आणि काठी टेकत चालणारी. लुरीनबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तोंडाला आवरायच्या आत त्या म्हणाल्या, "अय्या! जॅरड होय रे तू! आई कशी आहे?"

टोपीतले डोळे मोठे झाले. पिस्तूल लुरीनबाईंच्या छातीकडे वळलं. आणि एकतीस वर्षांत ज्यांनी गिऱ्हाइकासाठी स्टूल सोडलं नव्हतं ते डॉक गोळ्यांचं तबक सांडून पुढे आले आणि खांद्याने लुरीनबाईंना बाजूला ढकलून खिडकीत उभे राहिले. "काय हवं ते ने, पोरा," ते म्हणाले. पण तोवर ते पिस्तूल उडालं होतं.

म्हणजे ते गिळलेलं वाक्य होतं "जॅरड होय रे तू." लुरीनबाई ते बोलल्या नसत्या तर जॅरड गोळ्या घेऊन गेला असता, डॉक पहिल्यापासून मोजायला बसले असते आणि ऑर्फाला रविवारी हसायला दुसऱ्याच्या घरी यावं लागलं नसतं. हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी ऑर्फाच त्यांना गाडीतून तालुक्याला घेऊन गेली. लुरीनबाईंना गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला गेल्या होत्या, तेव्हा शिकवणाऱ्याशी बोलता बोलता ओढ्यात उतरल्या. वाटेत ऑर्फाने थर्मासातली कॉफी दिली, शिवाय सफरचंदाची तळलेली करंजी. ती लुरीनबाईंनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

"घाबरलीस का गं?" ऑर्फाने विचारलं.

"छे."

"जन्मतारीख नीट रंगवून सांग. न्यायाधीश फार कोरडा आहे म्हणतात."

सरकारी वकील टॅकेट हा पोरसवदा होता. त्याने दारातच गाठून बजावलं, "लुरीनबाई, विचारलं तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही." त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हे काम नदीला थांब म्हणण्यापैकी आहे.

जॅरड समोर बसला होता. त्याचा कोट कुणाचा तरी उसना होता आणि त्यात अजून एक जॅरड मावला असता. त्याचा वकील म्हणत होता, की दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्यामुळे हात थरथरत होता, त्या थरथरीने चाप ओढला गेला, मारायचा हेतू नव्हता. लुरीनबाईंनी शपथ घेतली, बसल्या आणि जन्मतारखेवर आल्या. कोर्ट हसलं. ज्यूरीतल्या एका माणसाला खोकला लागला. कोरड्या न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. जॅरडसुद्धा मान खाली घालून हसला, आणि हसताना तो एकदम एकोणीस वर्षांचा दिसला.

"आभारी आहे, बाई," टॅकेट म्हणाला. "तुम्ही जाऊ शकता."

लुरीनबाई उठल्या नाहीत.

"बाई?"

"माझं संपलं नाही अजून."

"मला एवढंच विचारायचं होतं."

"तू विचारलं नाहीस म्हणून झालं नाही असं होतं का रे?" लुरीनबाई म्हणाल्या आणि न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, मी अकरा महिने अर्धीच गोष्ट सांगतेय. मला त्याची तारीख कळली तेव्हाच तो कोण ते कळलं आणि मी त्याला नावानं हाक मारली. आई कशी आहे म्हणून विचारलं. ओळखलं म्हटल्यावर तो बिथरला आणि पिस्तूल माझ्यावर रोखलं. डॉक मध्ये आले. मी तोंड बंद ठेवलं असतं तर डॉक आज दुकानात असते. हे त्याच्या बाजूनं जातं की विरुद्ध, ते मला कळत नाही. आणि अजून एक लिहून घ्या. ह्याची पहिली बाटली माझ्या हातची आहे. वेळच्या वेळी घे म्हणून मीच सांगितलं होतं."

जॅरडचा वकील ताडकन उभा राहिला, टॅकेटही उभा राहिला, न्यायाधीशांनी दोघांना बसवलं. लुरीनबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पहिल्या बाकाकडे बघत होत्या. ऑर्फाने पर्स उचलली, कोट घेतला आणि ती बाहेर निघून गेली.

ज्यूरीने शेवटी जॅरडला पंचवीस वर्षं दिली. पण ते पुढे गुरुवारी. त्या सोमवारी लुरीनबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर एकट्या उभ्या होत्या, घर तीस मैल दूर, आणि ऑर्फाची गाडी समोरच सुरू होऊन घुरघुरत होती. ती ना निघत होती, ना बंद होत होती. पंधरा मिनिटं अशी गेली. मग अलीकडचा दरवाजा आतून ढकलला गेला.

"बस."

लुरीनबाई बसल्या. तीस मैल दोघींपैकी कुणी चकार शब्द काढला नाही, आणि लुरीनबाईंच्या बाबतीत हे तेव्हापासून आजतागायत परत घडलेलं नाही. घराच्या फाटकाशी गाडी थांबली. ऑर्फाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"डेल्मस आपणहून पुढे आला?"

"हो."

"ढकललं तुला? हातानं?"

"खांद्यानं. अजून दुखतो कधीकधी."

ऑर्फा समोरच्या काचेतून बघत राहिली. "मला वाटायचं, नेहमीसारखा मध्येच कुठेतरी उभा असेल. वेंधळा होताच. वेंधळेपणानं मेला म्हणून मी त्याच्यावर चिडायचे, आणि तुझी गोष्ट ऐकून हसायचे." तिने किल्ली फिरवून गाडी बंद केली. "चाळीस वर्षं संसार केला, लुरीन. माझ्यासाठी तो कधी सोफ्यावरून उठला नाही गं."

आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती रडली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. लुरीनबाई सीटचा पट्टा न सोडता तशाच शेजारी बसून राहिल्या.