आकडा बदलला का?

धाकट्या दिराचं आणि जावेचं ते भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. लग्न नवं होतं. दोघं बाहेर निघालेली, आणि भावजी अर्ध्या जिन्यातून परत वर आलेले.

"कुलूप मी स्वतः ओढून बघितलंय," जाऊ म्हणाली.

"तू बघितलंस. मी कुठं बघितलं?"

"मग लग्न कुलपाशीच करायचं होतं."

"केलं असतं. कुलूप उलट बोलत नाही."

ती तरातरा उतरली आणि एकटीच जाऊन आली. भावजी किल्ली हातात धरून दारात उभे. मी इकडे तोंडावर हात ठेवून हसत होते.

तपासणं हा त्यांचा पिंडच. काचेच्या कारखान्यात कामही तेच होतं. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे दिवा असायचा, आणि तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला टाकायची. घरी पाणीसुद्धा ग्लास उजेडाला धरल्याशिवाय प्यायचे नाहीत. जाऊ म्हणायची, "मला असं धरून बघितलं नाहीत ते बरं झालं, नाहीतर तेव्हाच बाजूला टाकली असती."

अशी तिची जीभ. आणि दुखणं नेमकं तिथंच सुरू झालं. आधी शब्द जड झाले, मग हात गेले, मग मान. डोळे तेवढे राहिले. इस्पितळानं वापरायला एक यंत्र दिलं. पडद्यावर अक्षरं असायची. ती ज्या अक्षरावर नजर ठेवी ते अक्षर यंत्र उचलायचं, आणि वाक्य पुरं झालं की कुणा परक्या बाईच्या कोरड्या आवाजात बोलायचं. पहिल्याच दिवशी ते भावजींना म्हणालं, "दाढी करा." आम्ही हसलो, भावजी रडले.

मग एका सकाळी यंत्र आपलं आपणच अपडेट झालं आणि सगळं बिनसलं. ती बघायची एका अक्षराकडे, उमटायचं भलतंच. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, त्यातलं जाणतो. त्यानं मला कळेल असं सांगितलं. यंत्राच्या आत नजर ओळखणारं एक पॅकेज असतं, पुडकंच म्हणा. ते कुठं दूरदेशी एक माणूस फावल्या वेळात, फुकट बनवतो. नव्या अपडेटशी ते जुळत नाही. दुरुस्ती झालीय, लवकरच नवीन व्हर्जन टाकतो, असं त्या माणसानं कळवलंय. ते आलं की यंत्रात भरायचं.

"पण आलं ते कळायचं कसं?" भावजींनी विचारलं.

"मोबाईलवर हे पान बघायचं. वरती तीन-दोन आहे ना, तिथं तीन-तीन दिसेल."

झालं. भावजींना पुन्हा नोकरी लागली. सकाळी चहाआधी मोबाईल हातात. पान बोटानं खाली ओढायचं, ते गोल चाक फिरून थांबेपर्यंत श्वास धरायचा, मग माझ्याकडे बघून मान हलवायची. दुपारी परत तेच.

"भावजी, जरा दुधाकडे बघा."

"बघतोय, वहिनी," म्हणत ते पानच बघायचे. दूध उतू जाऊन शेगडीवर.

पुठ्ठ्यावर अक्षरं लिहूनही आम्ही करून पाहिलं. पण तिची पापणी मनासारखी मिटेना, आणि बुबुळाची बारीक हालचाल आम्हाला कुठली कळायला. भावजींच्या मनाला एकच लागून राहिलं होतं. बिघडण्याआधी यंत्र तिच्या वतीनं शेवटचं बोललं ते, "पंखा कमी करा."

"एवढा संसार केला आणि शेवटचा शब्द पंख्याचा? असं कसं होऊ द्यायचं, वहिनी?"

आणि एक दिवस अनवाणीच माझ्या दारात आले. "आलं, वहिनी. तीन-तीन आलं."

पुतण्या काम टाकून धावत आला. जावेला उशा लावून बसवलं. त्यानं व्हर्जन भरलं, यंत्र उघडलं, तर आता एकही अक्षर उमटेना. त्यानं आत शोधाशोध केली आणि खुर्चीत मागे टेकला. पुडकं रिकामं होतं. त्या माणसानं घाईत नुसतं वेष्टन पाठवलं होतं, आत घालायचं ते राहून गेलं.

"मग सांग त्याला, भरून परत पाठव म्हणावं," मी म्हटलं.

"त्यानं माफी मागितलीय, काकू. पण एकदा दिलेला आकडा तिथं पुन्हा वापरता येत नाही. आता तीन-चार काढावं लागेल."

"मग काढेल की."

"काढतो म्हणालाय."

भावजी म्हणाले, "मी जन्मभर रिकाम्याच बाटल्या पास केल्या. पण त्या भरायला पुढं कुणीतरी बसलेलं असायचं."

त्यानंतर त्या माणसाचा काही निरोप नाही. आजारी पडला, कंटाळला, कोण जाणे. फुकट राबणाऱ्याला जाब तरी कोणत्या तोंडानं विचारायचा? पुतण्यानं स्वतः खटपट केली, यंत्र अपडेटच्या आधीसारखं करून बघितलं, जमलं नाही. इस्पितळात विचारलं तर म्हणाले, नवीन व्हर्जन आलं की बघू. जाऊ आटत गेली. शेवटी शेवटी तिची नजर भावजींवरून हलत नसे. काहीतरी सांगतेय एवढं आम्हा सगळ्यांना कळत होतं. काय सांगतेय, ते कुणालाच कळलं नाही. तशीच गेली.

यंत्र परत करायचं होतं. पुतण्या म्हणाला, मी नेतो. भावजींनी ऐकलं नाही, म्हणून मी सोबत निघाले. त्यांनी पडदा ओल्या फडक्यानं पुसला, चार्जिंग पुरं केलं, वायर नीट गुंडाळून घेतली. इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईनं यंत्र उलटसुलट करून बघितलं.

"चालू आहे ना?"

"चालू आहे, पण बोलत नाही. व्हर्जन यायचंय," भावजी म्हणाले. "पुढं ज्यांना द्याल त्यांना सांगा, सकाळी पान बघत जा म्हणावं."

"बरं," म्हणत तिनं ते मागच्या फळीवर ठेवलं. तिथं तसली आणखी यंत्रं पडली होती.

बाहेर जाऊन केलेलं त्यांचं हे शेवटचं काम. पुढं लवकरच अंथरुणाला खिळले ते उठले नाहीत. त्या दिवशी मात्र फाटकापाशी थांबले, खिशातून मोबाईल काढला, पान बोटानं खाली ओढलं. चाक फिरलं, थांबलं.

"तीन-तीनच," म्हणाले, आणि मोबाईल खिशात टाकून बसस्टॉपकडे चालू लागले.