बिनमोटारीचा रस्ता

जगात मोटारींचा तिरस्कार करणारी माणसं पुष्कळ असतील, पण तो तिरस्कार करण्यासाठी मोटारीच्या टपावर सायकल बांधून तीस किलोमीटर लांब जाणारा माणूस इंदुरात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. दर रविवारी सकाळी सहाला ही वरात निघते. टपावर नायलॉनच्या दोरीने आवळलेली सायकल, स्टिअरिंगवर ताई आणि शेजारी हेल्मेट घालून बसलेले भाऊजी. निवृत्तीनंतर मोटार चालवायची नाही असा त्यांचा नेम आहे. बसायला हरकत नाही. धार रस्त्याने बेटम्याच्या अलीकडे वळायचं, तलावाच्या मागच्या अंगाला दलदल सुरू होते तिथे गाडी उभी करायची. भाऊजी उतरतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "बघ, एक गाडी नाही." ज्या गाडीतून ते उतरले, ती ते धरत नाहीत. ती गाडी, तिच्यात बसलेली ताई आणि ताईच्या मोबाइलवरची भजनं तीन तास तिथेच थांबतात.

हाच माणूस उभी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांचा इंजिनिअर होता. वळणं काढून टाकली, झाडं तोडली, दोन पदरांचे चार पदर केले. लोकांना वेगाने जाता यावं म्हणून आयुष्य घालवलं आणि आता लोक वेगाने जातात म्हणून हेच संताप करून घेतात. कोणती वाहनं वाहतुकीत मोडतात याचे त्यांचे स्वतःचे नियम आहेत. बैलगाडी चालते. म्हैस स्वागतार्ह आहे. ट्रॅक्टरला पेरणीपुरती माफी. पण एक मोटारसायकल जरी मागून पुढे गेली की तो रस्ता बाटला. मग त्या मोसमात ते त्यावर चाक टेकत नाहीत. अशाने त्यांच्या यादीतले रस्ते कमी कमी होत गेले आणि शेवटी दलदलीच्या कडेने जाणारा, दोन्ही बाजूंना लव्हाळा माजलेला एक बांधरस्ता तेवढा शिल्लक राहिला.

इंदुरात सायकलवाले कमी नाहीत. पहाटे बायपासला रंगीबेरंगी, अंगाला चिकटलेले कपडे घालून त्यांचे थवे निघतात. जितकी चरबी जाळली तितकी परत यावी म्हणून वाटेत पोहे-जिलबी खातात, फोटो काढतात आणि आठला घरी येऊन झोपतात. भाऊजींच्या मते ती सायकलस्वारी नसून पोह्यांची डिलिव्हरी आहे, फक्त उलट दिशेने. स्वतः मात्र ते डब्यात सुकी भाकरी आणि लसणाची चटणी नेतात आणि बांधावर बसून ती बगळ्यांकडे बघत खातात. बगळे त्यांच्याकडे बघत नाहीत.

एकदा त्यांनी देवासच्या व्याह्यांना हा आनंद द्यायचं ठरवलं. मे महिन्यात त्यांना एक रस्ता सापडला होता. तासभर चालवूनही वाहन नाही, माणूस नाही, आवाज नाही. घरी येऊन ते दोन दिवस नुसते हसत होते. ऑगस्टमध्ये व्याह्यांना भाड्याची सायकल देऊन ते त्याच रस्त्यावर घेऊन गेले. अर्ध्या किलोमीटरवर रस्ता हळूच पाण्यात उतरला. समोर पाणी बघूनही इंजिनिअर म्हणाले की उतार बघता पाणी घोट्याएवढं असणार. व्याही भले गृहस्थ, त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना आणि सायकलीला काळ्या चिखलातून ओढून काढायला शेतावरचे दोन जण दोर घेऊन आले. त्यातला एक म्हणाला, "भिया, ये तो डूब का रस्ता है. गर्मी में तालाब सूखे तब दिखता है. गाड़ी आएगी कैसे?" व्याह्यांचा एक बूट अजून तिथेच आहे. भाऊजींना मात्र आजही तो त्यांनी पाहिलेला सर्वोत्तम रस्ता वाटतो. "सरफेस उत्तम होता," असं ते अजून सांगतात.

त्यांच्याशी वाद घालणं शक्य नसतं, कारण ते प्रश्नाचं उत्तरच देत नाहीत. चहा घेणार का विचारावं, तर टायरमध्ये हवा किती असावी ते सांगतात. ताई स्वयंपाकघरातून हाक मारते, दुसरी मारते, तिसऱ्या हाकेला येऊन म्हणते, "जाऊ दे. यांचं त्या चाकांशीच लग्न लागलंय." मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. विचारलेल्याचं उत्तर न देणाऱ्या माणसांशी माझं रोज काम पडतं, पण ती निदान अर्ज घेऊन येतात.

गेल्या डिसेंबरात भाऊजी इथल्या लालबागजवळ पडले. घरापासून कोपऱ्यापर्यंत सायकल न्यायची म्हणून निघाले होते, मागून जीप आली, ते बाजूला झाले नाहीत. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी ताईने सायकल विकायला काढली. भाऊजी चिडले नाहीत, म्हणून मला जरा आश्चर्य वाटलं. ते एवढंच म्हणाले की एकदा कोणीतरी बरोबर येऊन बघा आणि मग काय ते ठरवा. ताईने मला नेमलं. "तू जा. तुला दयामाया नाही. तू सांगशील ते फायनल."

मी भाचीची जुनी सायकल घेतली आणि रविवारी त्या बांधावर त्यांच्या मागे निघाले. रस्ता खरोखर मोकळा होता, हे कबूल करते. पाण्यावर धुकं, लव्हाळ्याचे तुरे ओले, आणि पुढे भाऊजींची ताठ पाठ. त्यांनी माझ्यासाठी दहा मिनिटं भाषण चालू ठेवलं होतं, ते वाऱ्यावर उडून जात होतं. एवढ्यात मागून दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल आली. मी बाजूला झाले. तिने हॉर्न दिला, मग दाबूनच धरला. भाऊजी रस्त्याच्या मधोमध. मला वाटलं, रस्ता बाटू नये म्हणून अडवून धरलाय. दूधवाला शेवटी गवतातून गाडी घालून पुढे गेला, तेव्हा भाऊजी इतके दचकले की हँडल गर्रकन वळलं आणि ते पाण्याच्या अगदी कडेला जाऊन थांबले. दूधवाल्याने मागे वळून मला विचारलं, "दाजी को सुनाई नी देता क्या? कब से हॉर्न दे रिया हूं." अकड आहे नुसती, असं मी म्हणणार होते. पण भाऊजींचा चेहरा बघितला आणि दूधवाल्याला हातानेच पुढे जायला सांगितलं.

आमच्या गडबडीने कुठूनशी एक टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायला लागली. भाऊजी मान वर करून तिच्याकडे बघत होते.

"ओरडतेय ना?" त्यांनी विचारलं.

"कान किटले," मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. म्हणून मी मान हलवून पुन्हा सांगितलं.

"दोन वर्षांपूर्वी यायची ऐकू," ते म्हणाले. मग त्यांनी सायकल आडवी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलले. मागून काय येतं ते कळत नाही. शहरात भीती वाटते. इथे मागून कोणी येत नाही म्हणून इथे यायचं. कानाला मशीन लावलं तर ताई म्हणणार, ऐकू न येणाऱ्या माणसाला सायकल कशाला. "एवढंच उरलंय गं," ते म्हणाले. "तिला सांगू नको."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी सांगणार. असली गुपितं सांभाळायला मला वेळ नाही, आणि आज तुम्ही तलावात गेला असता तर ते मलाच सांगावं लागलं असतं. परतताना ते माझ्या पुढे, अगदी कडेने, सारखी मान मागे वळवत सायकल चालवत होते. शिक्षा झालेल्या मुलासारखे. मला राग येत होता, आणि तो नेमका कोणाचा ते ठरत नव्हतं.

घरी पोचल्यावर भाऊजी अंगणात चाकांवरचा चिखल धुवायला बसले. धुतलेली सायकल विकली तर बरी दिसते, असं काहीतरी पुटपुटले. ताई ओट्यापाशी कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि निकालही सांगितला. कानाच्या डॉक्टरकडे उद्या जायचं. सायकलीला आरसा बसवायचा. सायकल विकायची नाही. फक्त त्या बांधावर, आणि मागे मी असणार. रविवारी सकाळी मला तसंही काही काम नसतं, असं मी म्हटलं. ते खोटं होतं.

मला वाटलं, ती कडाडेल. ती कणीक मळत राहिली. मग हात थांबले.

"मला वाटायचं, माझं बोलणं नकोसं झालंय त्यांना," ती म्हणाली. "म्हणून मी हल्ली काही सांगतच नव्हते."

बाहेर चाक फिरत होतं आणि त्यावर पाणी पडत होतं. ताईने हात धुतले, पदराला पुसले, आणि अंगणात जाऊन त्यांच्या समोर, ओल्या फरशीवर, बसायला मोडा न घेता तशीच बसली. भाऊजींनी वर बघितलं आणि नळ बंद केला. ती काय बोलली ते मला आतून ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मधे एकदाही टायरचा विषय निघाला नाही.