वाचलेली आच

वसंतकाकांनी मला रंग वाचायला शिकवले. भिलाईतल्या एका रोलिंग मिलच्या भट्टीवर ते कामाला होते. दार उघडून आतल्या लोखंडाकडे नुसते पाहत आणि सांगत: हे अजून जांभूळ आहे, हे पळसफूल झाले, हे आता पिकल्या केळीसारखे, काढा. गोंदियाकडच्या खेड्यातून शिकायला आलेल्या मला त्यांनी कॅम्प नावाच्या कामगारवस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण त्या पदवीमागची आच त्यांची.

पुढे त्याच मिलमध्ये मला ऊर्जाबचतीचे काम मिळाले. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता वळवून भट्टीत शिरणारी हवा आधीच तापवायची, एवढीच साधी कल्पना. टनामागचे जळण घटले, मला प्रशस्तिपत्र मिळाले. काका तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. आपल्या पोराने भट्टीची भूक कमी केली, हे त्यांनी पारावरच्या प्रत्येकाला सांगितले.

शेजारच्या दुर्ग शहरात एका लग्नासाठी ते आले, तेव्हा मी त्यांना भिलाईच्या सिविक सेंटरच्या बाजारात चहाला नेले आणि प्रशस्तिपत्र पुढे ठेवले. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून पाहिले, मग सहज विचारले, की भट्टी आता दिवसाला किती जाळते? टनामागे पुष्कळ कमी, मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो. काका हसले.

“टनाले काऊन पुसून राहिला, बाबू? भट्टीले पूस ना.”

दुसऱ्या दिवशी मी भट्टीला विचारले, म्हणजे जुन्या नोंदी काढून बसलो. टन स्वस्तात तापू लागला तशा मागण्या वाढल्या, तिसरी पाळी सुरू झाली, रविवारी निजणारी भट्टी आता निजतच नव्हती. एकूण जळण पूर्वीपेक्षा अधिकच! मग मी वाचवले ते गेले कुठे?

मला काकू आठवल्या. कॅम्पमधल्या त्या घरात कुकर आला आणि गॅस वाचू लागला, तसे त्या शेजारच्या आजारी बाईसाठीही वरण लावू लागल्या, दुपारचा एक चहा वाढला, हिवाळ्यात आंघोळीचे पाणीही गॅसवर चढले. सिलिंडर पूर्वीइतकेच दिवस पुरे. याला नुकसान म्हणावे का? एका आजारी जिवाला ऊन अन्न मिळाले. तिसऱ्या पाळीनेही काही घरांच्या चुली पेटल्याच असतील. पण धूरही वाढला, आणि तो कुणाच्याच ताटात पडत नाही. आपल्या भाषेत उरणे आणि अक्षर लावणे या दोहोंना एकच क्रियापद आहे, वाचणे. जे वाचते ते आपण कधी वाचतो का? न वाचता सोडले, की ते आपली वाट आपणच शोधते, उतारावरच्या पाण्यासारखे.

यंदाच्या अहवालात एकूण जळणाचा आकडा मी टनाच्या आकड्याशेजारी, पहिल्याच पानावर लिहिला. साहेबांनी तो मायेनेच शेवटच्या पानावर न्यायला सुचवले. एकूण कोण विचारतो, असे त्यांचे म्हणणे. विचारणारे एक जण होते, म्हणून मी तो हलवला नाही. फाइल त्यांच्या टेबलावर आहे. मोठ्या मिलमधल्या वरच्या जागेसाठी माझे नाव जाणार होते, त्याविषयी आता कुणी बोलत नाही.

भट्टीच्या आवाजाने काकांचे कान गेले आहेत, फोनवर त्यांना ऐकू येत नाही. म्हणून पत्र लिहिले:

“ती. वसंतकाकांस सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे भट्टीला विचारले. तिची भूक कमी झालेली नाही, काका. घास लहान झाला, पण ती आता रात्रंदिवस जेवते. मी तुम्हाला सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते. उरलेले अर्धे कसे साधावे ते मला अजून कळलेले नाही, शोधतो आहे. पारावर ज्यांना ज्यांना माझे कौतुक सांगितलेत, त्यांना एवढेही सांगाल का? काकूंना नमस्कार.”