उलट लावलेला फोन

ती दुपार मी विसरलेली नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही. नोकरीत मी दंगल पाहिली, प्रेतांचे पंचनामे केले, एकदा डोक्यात वीटही खाल्ली. पण भीती म्हटली की मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतो तो टेलिफोनच्या रिसीव्हरमधून ऐकू आलेला एक श्वास.

काळ राज्याच्या विभागणीचा होता. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं आणि खात्यातल्या माणसांची वाटणी अजून व्हायची होती. ग्वाल्हेरला कोण राहणार, बस्तरला कोण जाणार, याच्या याद्या रोज फुटत आणि रोज खोट्या ठरत. जुनी जाणती माणसं अर्ज-विनंत्यांच्या मागे लागलेली. त्यामुळे जिथे अनुभवी माणूस बसवायला हवा, तिथे माझ्यासारखी नवी बसली होती.

मी सब-इन्स्पेक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं. घर ग्वाल्हेरच्याच जयेंद्रगंजात. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि दोन्हीकडे मी कमीच बोलायची. प्रशिक्षणात माझ्यावर शेरा होता की हिचा आवाज परेडच्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. साहेबांनी मला कंट्रोल रूममध्ये बसवलं. म्हणाले, "फ़ोन पर तो सुनाई दे ही जाओगी."

तिथे माझ्या जोडीला एक म्हातारे हवालदार होते. सगळे त्यांना दीवानजी म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि बस्तरच्या नावानं त्यांचा घास घशात अडकायचा. "मैडम, इस उमर में जंगल भेजेंगे तो शेर भी मना कर देगा. बोलेगा, बूढ़ा माल है."

पहिला फोन आला तो दुपारी अडीचच्या सुमारास. मी उचलला, नेहमीचं वाक्य बोलले. पलीकडे कोणी बोललं नाही. फक्त श्वास होता. धावून आलेल्या माणसाचा नव्हे, श्वास ऐकू जाऊ नये म्हणून दाबून धरलेला. मागे कुठेतरी रेडिओवर गाणी चालली होती. अर्ध्या मिनिटानं फोन बंद झाला.

"बच्चे होंगे," दीवानजी म्हणाले. "स्कूल की छुट्टी का टाइम है."

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच श्वास. या वेळी मी हळूच विचारलं, "आप बोल नहीं सकतीं?" 'सकते' न म्हणता 'सकतीं' का म्हणाले, मला सांगता येणार नाही. पलीकडे रिसीव्हरवर नखानं एकदा टक झालं. मी पुढचं विचारणार तोच फोन तुटला. ठेवला नाही, तुटला.

आमच्या टेबलावर नंबर दाखवणारं यंत्र नुकतंच लागलं होतं. नंबर समोर होता. कोऱ्या फोनचा निकाल कसा लावायचा, याची पद्धतही ठरलेली होती. त्या नंबरवर उलट फोन करायचा, चौकशी करायची, आणि रोजनाम्यात 'तसदीक़ की गई', म्हणजे खात्री केली, असं लिहून विषय संपवायचा. शिवाय लाइन तुटली तर आपण पुन्हा लावावी, हा शाळेत सिस्टरांनी शिकवलेला शिष्टाचार माझ्या अंगात मुरलेला. मी लगेच नंबर फिरवला.

एका पुरुषानं उचलला.

"पुलिस कंट्रोल रूम से बोल रही हूँ. आपके यहाँ से अभी फ़ोन आया था. सब ठीक है?"

अगदी सभ्य आवाज. "जी, बिलकुल. माताजी से ग़लती से लग गया होगा. आपको तकलीफ़ हुई. धन्यवाद."

मी रोजनाम्यात 'तसदीक़ की गई, सब ठीक' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

तिसऱ्या दिवशी अडीच वाजता फोन आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. दोन्ही दिवस मी तासभर यंत्राकडे बघत बसले. मी काय केलं आहे, हे मला तेव्हा कळायला लागलं. त्या घरात कोणीतरी लपून पोलिसांना फोन करत होतं, आणि ही गोष्ट त्या घराला मी सांगून टाकली होती.

दीवानजींना म्हटलं, तर ते गंभीर झाले. "मैडम, ये बात अपने तक रखो. लिस्ट का मौसम है."

पाचव्या दिवशी सकाळी खबर आली. एका बाईनं पीसीओवरून फोन केला. नाव सांगायला तयार नव्हती. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या एका गल्लीतलं घर तिनं सांगितलं. "वहाँ तीन दिन से रेडियो इतना ज़ोर से बजता है कि हमारी दीवार हिलती है. बहू पहले छत पर कपड़े डालने आती थी. अब सास डालती है. आप देख तो लो एक बार."

मी टेलिफोनची डायरेक्टरी काढली. कोऱ्या फोनचा नंबर त्याच पत्त्याचा होता.

ठाण्याच्या टी.आय. साहेबांना, म्हणजे मुख्य इन्स्पेक्टरांना, भेटले. त्यांनी पान थुंकून विचारलं, "शिकायत किसकी है?" कोणाचीच नाही, म्हटलं. "तो घरेलू मामला है. सिपाही ले जाओ, पूछ के आ जाओ. मराठी घर है, तुम्हारी बिरादरी है, चाय तो पिला ही देंगे."

चहा खरोखरच मिळाला. दार त्यानंच उघडलं. पस्तिशीचा, नीटनेटका, सरकारी नोकरीतला. आवाज मी लगेच ओळखला. त्यानं माझा ओळखला की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. आतून त्याची आई आली. विधवा बाई, कपाळ मोकळं, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी.

"कुणाच्या गं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी आडनाव सांगितलं.

"म्हणजे जयेंद्रगंजातले? तुझी आत्या तर माझ्याबरोबर भजनाला यायची! आणि हे काय, पोलिसात? आईनं जाऊ दिलं?"

सिपाही दाराशी उभा, आणि मी गणवेशात घरच्या मुलीसारखी पाटावर बसलेली. आमच्या लोकांत हे असंच होतं. एकदा आत्या निघाली की चौकशी संपते.

तरी मी विचारलं. वहिनी कुठे आहेत?

"माहेरी, नागपूरला," तो म्हणाला. "दीड महिना झाला. मीच गाडीत बसवून दिलं. एस-सहा, बर्थ बेचाळीस. खिडकीची नव्हती, त्यावरून जरा रुसलीसुद्धा."

हे ऐकून मला बरं वाटलं. आज वाटणार नाही. खरं बोलणारा माणूस दीड महिन्यापूर्वीचा बर्थ नंबर सांगत नाही. तो म्हणतो, कुठला तरी होता बुवा.

"रेडिओ जरा मोठा आहे," मी म्हटलं.

"आईला कमी ऐकू येतं."

मी निघायला उठले. म्हातारी म्हणाली, "थांब गं, लेकीबाळीनं तसंच जाऊ नये. कुंकू लावून जा." स्वतः विधवा म्हणून त्या लावणार नव्हत्या. त्यांनी मान वळवून आत हाक मारली, "अगं, करंडा आण गं..." आणि थांबल्या.

हाक स्वयंपाकघराकडे गेली नव्हती. रेडिओ ज्या फळीवर होता, तिच्या शेजारच्या कुलूपबंद दाराकडे गेली होती. त्याच वेळी मुलाचा हात रेडिओच्या बटणावर गेला आणि गाणं आणखी मोठं झालं.

"आईला सवय आहे हो," तो हसून म्हणाला. "अजून वाटतं, सून घरातच आहे."

मीही हसले. नमस्कार करून जिना उतरले. इतकी भित्री होते मी, की मोठ्यांच्या घरात मोठ्यांना खोटं ठरवायचं धैर्य पायऱ्या संपेपर्यंत आलं नाही. गल्लीत उभी राहिले तेव्हा सगळं एकदम समोर आलं. माझा आवाज तिसऱ्या रांगेला पोचत नाही. म्हातारीनं मात्र एवढ्या रेडिओत माझा शब्द न् शब्द ऐकला होता, एकदाही 'काय म्हणालीस' असं विचारलं नव्हतं. रेडिओ तिच्यासाठी नव्हता.

कोपऱ्यावरच्या पीसीओतून ठाण्यात फोन केला. "सर, औरत घर में ही है. ताले में."

"सबूत?"

"सास ने उसे आवाज़ दी."

"आवाज़ पर ताला तुड़वाओगी, मैडम?" मग म्हणाले, "दस मिनट. मैं आता हूँ. हिलना मत."

मी गल्लीत त्या खिडकीकडे बघत उभी राहिले. हातातली टोपी ओली झाली होती. तीन-चार मिनिटं गेली असतील. आणि रेडिओ बंद झाला.

तीन दिवस वाजणारा रेडिओ पोलीस येऊन गेल्यावर बंद का होतो, याचा विचार करत बसण्याइतका वेळ नव्हता. मी सिपाह्याला म्हटलं, "चलो." तो म्हणाला, "साहब ने तो..." मी धावत सुटले होते. तो मागे आला.

दार वाजवायच्या आत उघडलं. म्हातारी उभी होती. ती बाजूला झाली. आत घासलेटचा वास होता. तो कुलूपबंद दारापाशी स्टो घेऊन बसला होता, शेजारी डबा उघडा. मला बघून अगदी शांतपणे म्हणाला, "अहो, स्टो भरतोय. गॅस संपलाय."

स्वयंपाकघरातल्या गॅसवर चहाचं आधण अजून उकळत होतं.

सिपाह्यानं त्याला मागून धरलं. मी किल्ली मागितली, तर त्यानं मान हलवली. किल्ली म्हातारीनं कमरेची काढून माझ्या हातात दिली. कुलपाला ती तिसऱ्यांदा लागली.

ती भिंतीला टेकून बसली होती. दारातून येणाऱ्या उजेडाकडे न बघता तिनं आधी दोन्ही हात डोक्यावर घेतले. उजव्या हाताची बोटं सुजून काळी पडली होती. मी काय बोलले ते आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "दार लावू नका."

पुढचं काम रीतसर झालं. पंचनामा, डबा आणि स्टो जप्त, गुन्हा दाखल. ठाण्यात टी.आय. साहेबांनी त्याला दोन तास विचारलं. तो प्रत्येक प्रश्नाला 'जी' लावून उत्तर द्यायचा आणि बायकोचं डोकं ठिकाणावर नाही असं सांगायचा. शेवटी साहेबांनी विचारलं, "बर्थ कौन-सी थी?" तो म्हणाला, बेचाळीस. साहेबांनी त्या तारखेचा आरक्षणाचा तक्ता मागवतो म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा 'जी' म्हणायला विसरला. त्यानंतर तो खरं बोलला. म्हातारीनं जबाबात लिहून दिलं की हाक चुकून गेली. ते खरं मानायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन दिवसांनी मी सुनेचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेले. बोटांना प्लास्टर होतं. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. नवरा दुपारी जेवायला येऊन वामकुक्षी घ्यायचा, तेवढ्यात ती फोन करायची. बोलायचं धैर्य व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो अचानक उठून आला, म्हणून तिनं वायर ओढली. घाईत परत खोचली आणि फोन सरळ ठेवून दिला. त्याला संशयही आला नव्हता.

"मग फोन वाजला," ती म्हणाली. "त्यानं उचलला. धन्यवाद म्हणाला. ठेवला. आणि मला विचारलं, कुठल्या बोटानं नंबर फिरवलास."

मी लिहीत होते. लिहिणं थांबवलं नाही.

जबाबावर तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. मग म्हणाली, "ताई, तो फोन कोणी केला होता?"

"कंट्रोल रूममधून आला होता," मी म्हणाले.

"त्यांना सांगाल? असं करत जाऊ नका म्हणावं. यायचं असेल तर यावं, पण फोन करू नये."

मी सांगितलं. पुढे माझी नेमणूक जिथे जिथे झाली, तिथे टेलिफोनवर बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं. कोरा फोन आला तर गाडी पाठवा, उलट फोन करू नका. शांत घराची खात्री फोनवरून होत नसते. काहींनी ऐकलं, काहींनी वर्षभरात विसरून पुन्हा 'तसदीक़ की गई' लिहायला सुरुवात केली. वाटणीची यादी निघाली तेव्हा माझं नाव ग्वाल्हेरलाच राहिलं. केस डायरीत खबर, झडती, जप्ती, सगळं तारीखवार आहे. त्याआधी केलेला फोन मात्र नाही.

ती नंतर खरोखरच नागपूरला गेली. जाण्याआधी ठाण्यात येऊन माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून मी आहे." तो फोन मी केला होता, हे मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.